बोर्दोची प्रतवारी

बोर्दो हे नाव माझ्या कानांवर प्रथम आले ते साहित्याच्या वा इतिहासाच्या पुस्तकातून नव्हे, तर फवारणीच्या पिंपातून. निफाड तालुक्यातील आमच्या द्राक्षबागेत पावसाळी दिवसांत वडील एका पिंपात मोरचूद भिजत घालीत, दुसऱ्यात चुना. मग दोन्ही द्रावणे एकत्र ओतून त्यांत लोखंडी विळा बुडवून पाहत. विळ्यावर तांबूस थर चढला, तर चुना कमी पडला असे समजायचे. किलोभर मोरचूद, किलोभर चुना आणि शंभर लिटर पाणी यांचे ते 'बोर्डो'. आमच्या लेखी ते औषधाचे नाव होते, गावाचे नव्हे. पुढे एम. ए.च्या वर्गात लघुनिबंधाचा उगम शिकताना माँतेन हा बोर्दो शहराचा नगराध्यक्ष होता असे वाचले, तेव्हाही हे तेच गाव असेल अशी शंका मनास शिवली नाही.

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबर महिन्यात, लंडनला स्थायिक झालेल्या माझ्या मावसबहिणीने भाओजींच्या निवृत्तीनिमित्त आम्हां उभयतांना त्या भागातील आठवडाभराच्या नदीपर्यटनास नेले. गारोन नदीवरील बोर्दोहून निघायचे, दोर्दोन्य नदीतून लिबूर्नपर्यंत जायचे, या दोन नद्यांच्या संगमातून तयार होणाऱ्या झिरोंद खाडीत उतरायचे आणि परतायचे, असा तो मार्ग. बोर्दो समुद्रापासून सुमारे शंभर किलोमीटर आत आहे, तरीही तेथे भरती-ओहोटी जाणवते. पाणी गढूळ, चहाच्या रंगाचे. भरतीच्या वेळी नदी उलटी वाहते आणि मोठ्या उधाणाला पाण्याची एक भिंतच वर चढत येते, तिला तिकडे 'मास्कारे' म्हणतात. बोटीचे वेळापत्रक घड्याळापेक्षा भरतीवर अधिक अवलंबून होते.

आमच्या बोटीवर माहिती सांगणाऱ्या बाई अभ्यासू होत्या. प्रत्येक मळ्यापाशी त्या एकच सूत्र निरनिराळ्या शब्दांत मांडत : वाइनचा मोठेपणा मातीत आहे. फ्रेंचांचा 'तेरवार' हा शब्द त्यांच्या बोलण्यात वारंवार येई. माती, उतार, हवा आणि पिढ्यानुपिढ्यांचे हात या सर्वांना मिळून तो शब्द वापरतात. ऐकायला हे फार चांगले वाटते. परंतु साहित्याच्या अध्यापकाला अशा वेळी आपल्या वर्गातील एक जुना वाद आठवल्यावाचून राहत नाही. श्रेष्ठ कृती स्वतःच्या गुणांवर टिकते की तिला टिकविणारी माणसे, संस्था आणि बाजार असतात? बोर्दोच्या इतिहासात या प्रश्नाचे जितके स्पष्ट कागदोपत्री उत्तर मिळते, तितके साहित्याच्या इतिहासात क्वचितच मिळते. हा लेख त्यासाठीच आहे.

रोजे दियों या फ्रेंच अभ्यासकाने १९५९ साली फ्रान्समधील द्राक्षमळे आणि वाइन यांचा बृहद् इतिहास प्रसिद्ध केला. त्याचे मुख्य प्रतिपादन असे की नामवंत मळे जेथे उभे राहिले, तेथे केवळ माती चांगली होती म्हणून ते उभे राहिले नाहीत; तेथून माल जलमार्गाने श्रीमंत गिऱ्हाइकापर्यंत पोहोचविता येत होता, हे त्याचे मोठे कारण. उत्तम माती फ्रान्समध्ये इतरत्रही होती. वाहती नदी आणि बंदर सर्वत्र नव्हते. बोर्दोला हे जसेच्या तसे लागू पडते. गारोनच्या चंद्रकोरीसारख्या वळणामुळे त्या बंदराला 'चंद्राचे बंदर' असे नाव पडले आणि २००७ साली युनेस्कोच्या यादीत शहर गेले तेही त्याच नावाने.

या गावाचा पहिला मोठा कवी रोमन काळातला. औसोनियस चौथ्या शतकात येथे जन्मला, राजपुत्राचा शिक्षक झाला आणि ३७९ साली रोमचा कॉन्सल झाला. त्याची कीर्ती मात्र ज्या दीर्घकाव्यावर टिकली, ते मोझेल नदीवर आहे. तीतील मासे, तिच्या काठचे द्राक्षमळे, पाण्यात पडलेली वेलींची प्रतिबिंबे असे सर्व काही त्यात आहे आणि मध्येच त्याला स्वतःच्या गारोनकाठचे मळे आठवतात. दूरच्या नदीवर उभे राहून घरच्या नदीची आठवण काढणारा हा कवी मला फार जवळचा वाटला. सेंत एमिलियोंचा एक अतिप्रसिद्ध मळा आजही त्याचे नाव मिरवतो. तो मळा खरोखर त्याचाच होता, याला पुरावा नाही. नावाला मात्र भाव आहे.

बाराव्या शतकात गोष्ट खरी सुरू होते. ११५२ साली आकितेनची वारसदार अलिएनोर हिचा फ्रान्सच्या राजाशी झालेला विवाह रद्द ठरला आणि काही आठवड्यांतच तिने आँजूच्या हेन्रीशी लग्न केले. अवघ्या दोन वर्षांत, ११५४ मध्ये, हा हेन्री इंग्लंडचा राजा झाला आणि बोर्दो इंग्रजी सत्तेखाली आले ते तीन शतके. इंग्लंडला द्राक्षे नव्हती, तहान होती. दर शरदात नवी वाइन घेऊन जहाजांचे तांडे निघत. चौदाव्या शतकाच्या आरंभी भरभराटीच्या वर्षी सुमारे एक लाख पिंपे रवाना होत, आणि एक पिंप म्हणजे सुमारे नऊशे लिटर. फ्रेंचमध्ये 'तोनो' आणि इंग्रजीत 'टन' म्हणविल्या जाणाऱ्या या पिंपांवरून जहाजाची क्षमता मोजू लागले. उसाच्या गाडीपासून मालगाडीपर्यंत आपण जो 'टन' वापरतो, त्याचे मूळ या पिंपांत आहे. आमच्या साखर कारखान्याच्या काट्यावर उभ्या असलेल्या कोणालाही हे सांगून खरे वाटणार नाही.

याच काळात बोर्दोच्या नागरिकांनी एक हक्क पदरात पाडून घेतला. नदीच्या वरच्या अंगाला काओर, बेर्जराक, गायाक असे जुने वाइनप्रदेश होते. त्यांचा माल समुद्राकडे जायचा तर बोर्दोवरूनच जावा लागे. नियम असा झाला की बोर्दोकरांची वाइन आधी विकली जाईल. वरच्या प्रदेशाचा माल ठरावीक तारखेआधी शहरात उतरणार नाही. ही तारीख आधी ११ नोव्हेंबर होती, पुढे ती नाताळपर्यंत लांबली. तोवर इंग्लंडची जहाजे भरून निघून गेलेली असत. काओरची माती त्या काळात बिघडली नव्हती. तिच्या वाटेत फाटक होते, इतकेच. हे फाटक १७७६ साली अर्थमंत्री तुर्गोने काढले. म्हणजे पाच शतकांहून अधिक काळ ते टिकले. तोवर जगाच्या जिभेला बोर्दोची सवय झाली होती. बाजार समितीच्या आवारात दिवस काढलेल्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. तेरवारवर बोलणाऱ्या बाई मात्र या फाटकापाशी थांबल्या नाहीत.

इंग्रजी सत्ता संपली ती १७ जुलै १४५३ रोजी, दोर्दोन्यकाठच्या कास्तियों गावाजवळ. तोफांपुढे इंग्रजांचा वृद्ध सेनापती टॉलबट पडला. शेक्सपिअरच्या 'सहावा हेन्री'च्या पहिल्या भागातला टॉलबट तो हाच. या रणभूमीपासून जवळच माँतेनचा मनोरा आहे. त्याच्या घराण्याचे मूळ आडनाव एकेम. पणजोबा रामों एकेम बोर्दोचा व्यापारी. वाइन, खारवलेली मासळी आणि रंगद्रव्ये यांच्या व्यापारात त्याने पैसा केला आणि १४७७ साली माँतेनची जहागीर विकत घेतली. मनोऱ्यातील ग्रंथालयाच्या तुळयांवर ग्रीक-लॅटिन वचने रंगविलेली आजही दिसतात. 'स्व'चा शोध घेणारा पहिला निबंधकार म्हणून आपण विद्यार्थ्यांना माँतेन शिकवतो आणि ते योग्यच आहे. पण तो मनोऱ्यात निवांत बसू शकला त्यामागे पिंपे आणि मासळी होती, हे मी वीस वर्षांच्या अध्यापनात एकदाही सांगितलेले नाही.

सतराव्या शतकात गिऱ्हाईक बदलले. डच आले, त्यांनी मेदोकच्या दलदलींतून पाणी काढून जमीन कोरडी केली आणि पिंपात गंधकाची वात जाळून वाइन टिकविण्याची रीत आणली. लंडनमध्ये पोंताक घराण्याने आपल्या एकाच मळ्याची, ओ-ब्रियोंची, वाइन त्या मळ्याच्या नावाने विकायला सुरुवात केली. १६६३ साली सॅम्युएल पेपीसने आपल्या रोजनिशीत तिची नोंद केली. नावाचे वर्णलेखन त्याने कानाला जमेल तसे केले आहे. तत्त्वज्ञ जॉन लॉक १६७७ साली तो मळा प्रत्यक्ष पाहून आला. त्याने दोन गोष्टी टिपल्या : जमीन पांढरी, वाळू-खडीची, जिच्यात काही उगवेल असे वाटू नये, आणि भाव वाढले आहेत, कारण श्रीमंत इंग्रज वाटेल त्या किमतीला उत्तमच पाठवा अशी मागणी करतात. माती आणि मागणी दोन्ही त्याने पाहिल्या. नंतरच्यांनी पहिलीच लक्षात ठेवली.

आता १८५५ सालाकडे येऊ. त्या वर्षी तिसऱ्या नेपोलियनने पॅरिसला जागतिक प्रदर्शन भरविले. बोर्दोच्या व्यापारी मंडळाला आपल्या वाइनींची क्रमवारी हवी होती. हे काम दलालांच्या संघटनेकडे सोपविण्यात आले आणि १८ एप्रिल रोजी त्यांनी यादी दिली. यादी करण्यासाठी त्यांनी कोणाची चव घेतली नाही, मातीचे परीक्षण केले नाही. अनेक दशके कोणत्या मळ्याला काय भाव मिळत आला, एवढे पाहिले. पहिल्या वर्गातील वाइनचा पिंपामागे भाव सुमारे ३,००० फ्रँक, पाचव्या वर्गात चौदाशे ते सोळाशे. मेदोकच्या तांबड्या वाइनींचे असे पाच वर्ग झाले. पहिल्यात चार : लाफीत, लातूर, मार्गो आणि मेदोकबाहेरचा ओ-ब्रियों. (आपल्या लातूरचा येथे काही संबंध नाही, पण पोयाकच्या धक्क्याजवळ पाटीवर ते नाव वाचून आम्हां दोघांना हसू आवरले नाही.) दलालांनी काही नवे केले, असेही नाही. अमेरिकेचा टॉमस जेफरसन १७८७ साली बोर्दोला आला होता, तेव्हा त्यानेही हीच चार नावे पहिल्या श्रेणीत नोंदविली होती. भाव श्रेणी ठरवी, श्रेणी भाव वाढवी.

गंमत पुढे आहे. बाजारभाव ही बदलती गोष्ट. त्यावरून केलेली यादी मात्र गोठली. गेल्या पावणेदोनशे वर्षांत मळ्यांचे मालक बदलले, जमिनी विकल्या-घेतल्या गेल्या, वेलींच्या पिढ्या उलटल्या. यादीत खरा म्हणावा असा बदल एकच झाला : १९७३ साली मूटॉन रॉथशिल्ड दुसऱ्या वर्गातून पहिल्यात गेला. त्या हुकमावर सही करणारे कृषिमंत्री होते जाक शिराक, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. एका बढतीसाठी मालकाने आयुष्यातील कित्येक दशके खर्ची घातली होती.

हे सर्व मी त्या रात्री फोनवर वडिलांना सांगितले. त्यांनी विचारले, "तिथं भाव कोण ठरवतं?"

"दलाल."

"मग त्यासाठी एवढं लांब कशाला गेलीस?"

यावर माझ्यापाशी उत्तर होते, पण ते फोनवर सांगण्याजोगे नव्हते. आपण ज्याला 'क्लासिक' म्हणतो, त्या शब्दाचे मूळ लॅटिन 'क्लासिकुस' मध्ये आहे. रोमन समाजात मालमत्तेनुसार वर्ग पाडले जात आणि सर्वांत वरच्या वर्गातील नागरिकाला हे विशेषण लावीत. दुसऱ्या शतकात औलुस गेलियस या लेखकाने ते प्रथम प्रतीच्या ग्रंथकाराला लावले. म्हणजे साहित्यातील श्रेष्ठत्वाचा हा शब्द मुळात पैशाच्या प्रतवारीतून आला. आपला 'अभिजात' हा शब्द वेगळ्या वाटेने, कुळावरून, तेथेच पोहोचतो. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आम्ही महाविद्यालयात पेढे वाटले, मीही खाल्ले. त्या शब्दाचा अर्थ फोडून पाहण्याचा तो दिवस नव्हता. परंतु अभ्यासक्रम मंडळात बसून 'नेमावयाच्या कलाकृती' ठरविताना मी काय पाहते? पूर्वी काय नेमले होते, पुस्तक कोणत्या प्रकाशनाचे आहे, त्यावर समीक्षा उपलब्ध आहे का. चव घेतल्यावाचून केलेली यादी ती हीच. बोर्दोच्या दलालांनी निदान आपला निकष उघड सांगितला होता.

यादीत काय आले नाही, हेही पाहिले पाहिजे. दोर्दोन्यच्या उजव्या काठाचे सेंत एमिलियों आणि पोमरोल त्यात नाहीत. तेथील माती हलकी होती म्हणून नव्हे. त्यांचा व्यापार लिबूर्नच्या बंदरातून चाले आणि यादी बोर्दोच्या दलालांनी केली होती म्हणून. सेंत एमिलियोंने १९५५ साली स्वतःची यादी केली आणि ती साधारण दहा वर्षांनी तपासण्याचे ठरविले. लोकशाही पद्धत म्हणून हे मला पटते. परिणाम असा की २००६ ची यादी न्यायालयात गेली. आणि २०२२ च्या यादीपूर्वी ओझोन (आपल्या औसोनियसच्या नावाचा तो मळा) आणि शवाल ब्लाँ या सर्वोच्च श्रेणीतील दोन मळ्यांनी स्पर्धेतूनच अंग काढून घेतले.

दुसरी अनुपस्थिती अधिक गंभीर आहे. बोर्दोचा जो देखणा धक्का पाहण्यासाठी बोटी थांबतात, तो मुख्यतः अठराव्या शतकातला. शेअरबाजाराचा चौक, त्यामागची पिवळसर दगडी घरे, दारांवरचे कोरीव मुखवटे. त्या मुखवट्यांत काही चेहरे आफ्रिकन माणसांचे आहेत. येथून जहाजे वाइन आणि पीठ घेऊन सां-दोमिंग्ला, म्हणजे आजच्या हैतीला जात आणि साखर-कॉफी घेऊन परतत. ती साखर गुलाम पिकवीत. शिवाय १६७२ ते १८३७ या काळात बोर्दोच्या जहाजमालकांनी सुमारे पाचशे सफरी थेट गुलामांच्या व्यापारासाठी काढल्या आणि सव्वा ते दीड लाख माणसे अटलांटिकपार नेली. आकितेन संग्रहालयात या विषयाची कायमस्वरूपी दालने २००९ साली उघडली. २०१९ च्या मे महिन्यात धक्क्यावर मोदेस्त तेस्तास या स्त्रीचा पुतळा उभारण्यात आला. आफ्रिकेतून पकडून आणलेली ही स्त्री बोर्दोच्या दोघा भावांनी विकत घेतली होती आणि आपल्या हैतीमधील मळ्यावर नेली होती. तिचे मूळ नाव अल पूएसी. आमची बोट त्या पुतळ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर तीन रात्री उभी होती. सहलीच्या कार्यक्रमात त्याचा उल्लेख नव्हता. आम्ही दोघे सकाळी लवकर उठून पाहून आलो.

याच प्रदेशात ला ब्रेदच्या गढीत माँतेस्क्य राहत होता. १७४८ च्या 'कायद्याचे मर्म' या ग्रंथात गुलामगिरीच्या समर्थकांची बाजू त्यांच्याच तोंडून मांडून तिचे हसे करणारे एक छोटे प्रकरण आहे; उपरोधाचा नमुना म्हणून ते आजही शिकवले जाते. हा माँतेस्क्य मळेवालाही होता आणि त्याचे गिऱ्हाईक इंग्रज. १७२५ साली सरकारने नव्या द्राक्षलागवडीवर बंदी घातली, तेव्हा त्याने तिच्याविरुद्ध निवेदन लिहिले. पुढे एका पत्रात तर त्याने समाधानाने नमूद केले आहे की इंग्लंडात आपल्या ग्रंथाला मिळालेल्या यशाचा आपल्या वाइनच्या खपाला हातभार लागतो आहे. मला हे वाचून त्याच्याविषयी राग आला नाही. ज्या शहराच्या समृद्धीत गुलामांच्या श्रमाचा वाटा होता, त्याच शहरात राहून, त्याच बंदरातून माल पाठवीत त्याने ते प्रकरण लिहिले, हे मात्र वर्गात सांगितल्यावाचून ते प्रकरण यापुढे मला शिकवता येणार नाही.

आता पिंपाकडे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बोर्दोवर अमेरिकेतून आलेली संकटे कोसळली : प्रथम भुरी, मग मुळांवरील फायलोक्सेरा ही कीड, आणि तिच्यावर उपाय म्हणून आणलेल्या अमेरिकी वेलींबरोबर केवडा. १८८२ साली बोर्दो विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे सां-झुलियेंच्या मळ्यांतून जात असताना त्याला दिसले की रस्त्याकडेच्या वेलींची पाने हिरवीगार आहेत आणि आतल्यांची गळून गेली आहेत. चौकशी केली तेव्हा कळले, जाणाऱ्या-येणाऱ्यांनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून कडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुना शिंपडला होता. निळसर डाग दिसले की माणूस हात लावीत नसे. मियार्देने गायों या रसायनशास्त्रज्ञाच्या साह्याने प्रयोग करून १८८५ साली ते मिश्रण जगापुढे मांडले. चोरापासून राखण करण्याची एक खेडवळ युक्ती होती ती. तिच्यापायीच बोर्दोचे नाव निफाडच्या शेतकऱ्याच्या तोंडी बसले. कलमासाठी अमेरिकी खुंट वापरण्याची रीतही त्याच संकटातून रूढ झाली. आमच्या बागेतला डॉगरिज खुंट त्याच कुळातला. म्हणजे शातो लाफीतच्या 'मूळ' मातीतही अमेरिकी मुळे रुजली. तेरवारच्या गोष्टीत हे बसविणे कठीण जाते.

आज ते मिश्रण तेथेही जपून वापरावे लागते. तांबे जमिनीत साचते म्हणून युरोपीय संघाने २०१९ पासून सात वर्षांत हेक्टरी २८ किलो अशी मर्यादा घातली आहे. हवा तापते आहे; २०२१ साली बोर्दोच्या नियमांत सहा नव्या वाणांना परवानगी मिळाली, त्यांत पोर्तुगालचेही आहेत. आणि वाइनचा खप घटल्यामुळे २०२३ पासून सरकारी अनुदानावर हजारो हेक्टर मळे उपटून टाकले जात आहेत. १८५५ च्या यादीतले मळे यांत नाहीत. उपटले जातात ते ज्यांच्या बाटलीवर नुसतेच 'बोर्दो' लिहिलेले असते, ज्यांचा माल व्यापारी घाऊक भावात उचलतात आणि तो भाव उत्पादनखर्चाखाली गेला आहे, त्यांचे.

कादियाक गावाजवळ बोट थांबली तेव्हा आम्ही टेकडीच्या दिशेने थोडे चालत गेलो. रस्त्याच्या एका बाजूला तोडणी चालू होती. दुसऱ्या बाजूला रिकाम्या शेताच्या बांधावर उपटलेल्या वेलींच्या खोडांचा पुरुषभर उंच ढीग होता. मुळांना माती तशीच चिकटलेली. मी छायाचित्र काढून घरी पाठविले. वडिलांनी ते मोठे करून पाहिले असावे, कारण तासाभराने त्यांचा फोन आला. आपल्याकडे बाग पंधराव्या वर्षी काढायला येते, ते म्हणाले. पण या खोडांची जाडी पाहता ही बाग चाळीस वर्षांची तरी असणार, आणि खोडे निरोगी दिसतात.